एका घासात किती?

कुठलंही गिऱ्हाईक बिस्किटाचा पुडा हातात घेतं तेव्हा आधी पुढून बघतं. पुढे गव्हाच्या लोंब्या असतात, दुधाची धार असते, एखादं गुटगुटीत पोर हसत असतं. बेहेरेकाका पुडा उचलतात तोच पालथा. लंगोट ओलं झालंय का बघायला आई तान्ह्या बाळाला हातावर पालथं घेते ना, अगदी तसा. मग गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग डोळ्याशी धरतात आणि मागचा बारीक मजकूर वाचायला लागतात. आजवर त्यांनी एकाही पुड्याचा चेहरा पाहिला असेल असं मला वाटत नाही. एकदा गर्दीच्या वेळी मी म्हटलं, "काका, तुमच्या हाताशी तो पिवळा पुडा आहे, तेवढा द्या इकडे." त्यांनी विचारलं, "पिवळा म्हणजे कुठला? पामतेल तिसऱ्या क्रमांकावर आहे तो का?"

काका आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि आमचं किराणा दुकान तळमजल्यावर आहे, त्यामुळे सुटका नाही. सकाळी इक्बाल, म्हणजे माझे मिस्टर, माल आणायला मार्केट यार्डात गेले की दुकानात मी एकटी असते. नेमके तेव्हाच काका खाली उतरतात. माझ्या सासऱ्यांनी दुकान माझ्या हवाली करताना एकच गोष्ट शिकवली होती. "नसीम, हे कोथरूडचं गिऱ्हाईक आहे. हुज्जत घालत बसू नकोस, एका वाक्यात गप्प कर." मी शिकले. भल्याभल्यांना गप्प केलं. काका मात्र ते वाक्य शांतपणे ऐकून घेतात आणि "बरं, मीठ किती आहे ह्यात?" असं विचारून पुढच्या पुड्याकडे वळतात.

काकांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. पेटीवर जे लिहिलंय ते पेटीत असलंच पाहिजे, नाहीतर पुढे कुणाचा तरी हात जातो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. निवृत्त झाल्यावर तपासायला पेट्या उरल्या नाहीत, तेव्हा ते माझ्या दुकानाकडे वळले. त्यातून माझं माहेर खडकी बाजारातलं. हे कळल्यापासून ते मला आपल्या खात्यातलीच समजतात. "नसीमताई, पुढची बाजू कंपनीची, मागची बाजू आपली," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की एकदा लग्नाची पत्रिका आली तेव्हा मीही ती आधी उलटूनच पाहिली.

त्यांचा त्रास मला एकटीला असता तर मी सोसला असता. पण ते दुसऱ्याचा पुडाही वाचतात. आमच्या सोसायटीत भाड्याने राहणारी एक मुलगी आहे, कानात कायम काहीतरी अडकवलेली, हिंजवडीला कामाला जाणारी. ती बिचारी एकदा बिस्किटं घेऊन गल्ल्यापाशी आली. काकांनी नम्रपणे विचारलं, "आपण हे कशासाठी घेताय?"

"अंकल, इट्स मल्टिग्रेन. हेल्दी असतं."

"आपण जरा मागे वळवता का? हं. आता हे बघा. घटकांची नावं वजनाप्रमाणे लावलेली असतात. जास्त असेल ते आधी, कमी असेल ते नंतर. पहिला कोण आहे?"

"मैदा."

"दुसरी?"

"शुगर."

"आणि आपली धान्यं?"

मुलीने बोट खाली खाली नेलं. ज्वारी, नाचणी आणि ओट्स तिला मिठाच्या अलीकडे सापडले, चिमूट चिमूट. "ओ माय गॉड," ती म्हणाली आणि पुडा जागेवर ठेवून फुटाणे घेऊन गेली. काका माझ्याकडे बघून असे हसले की जणू माझंच भलं झालं.

जीवनसत्त्वं आणि खनिजं हा तर त्यांचा खास प्रांत. ती त्यांना नात्यातल्या माणसांसारखी माहीत आहेत. कोणाचं कोणाशी जमतं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे ते स्थळं बघणाऱ्या मावशीच्या उत्साहाने सांगतात. "लोहाचं आणि क जीवनसत्त्वाचं उत्तम जमतं, नसीमताई. पोह्यांवर लिंबू पिळा, लोह अंगी लागेल. पण लोहाचं आणि चहाचं बिलकुल पटत नाही. चहा आला की लोह आल्या पावली परत. आणि ड जीवनसत्त्व थोड्या स्निग्ध पदार्थाशिवाय पाऊल उचलत नाही. मानी आहे." एका गृहस्थांनी कसल्याशा पिठाचा डबा वाचून नाक मुरडलं, "बी-बारा फक्त एक?" तेव्हा काका त्यांच्यावर चिडलेच. "अहो, एक काय ते बघा ना! मायक्रोग्रॅम आहे तो. मिलिग्रॅमचा हजारावा भाग. शरीराला लागतोच तेवढा. छोट्या आकड्याला हसू नये." मी मनात म्हटलं, गिऱ्हाइकाला तरी हसू द्या, डबा खपेल.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांना ज्येष्ठ म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांनी देशाला वंदन केलं आणि खिशातून, मुलांना वाटायला आणलेलाच बिस्किटांचा पुडा काढला. साखर एकटी आली तर यादीत पहिली दिसते, म्हणून ती थोडी साखर म्हणून येते, थोडी ग्लुकोज सिरप म्हणून, थोडी इन्व्हर्ट सिरप म्हणून, आणि एकाच घरातले तीन भाऊ वेगवेगळी आडनावं लावून रेशन घेऊन जातात, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांनी बिस्किटं वाटली. अर्ध्या आयांनी ती मुलांच्या हातातून काढून घेतली. अध्यक्षांनी ती बिस्किटं माझ्याच दुकानातून नेली होती.

हे सगळं जुनंच होतं. पण गेल्या गणपतीनंतर काकांच्या तपासणीत एक नवीन प्रश्न आला. त्या सुमाराला शालिनीकाकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मोठं आजारपण झालं. दवाखाना झाला, घरी आल्या, आजार गेला. भूक मात्र परत आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात लोह फार कमी आहे, जे चार घास खातील ते सत्त्वाचे असू देत. डॉक्टर बोलून मोकळे झाले. काकांनी ते हुकमासारखं घेतलं.

"नसीमताई, ह्यावर शंभर ग्रॅममध्ये किती ते लिहिलंय. शंभर ग्रॅम कोण खातं?"

"काका, तो हिशेब असतो. सगळ्या पुड्यांचा एकसारखा, तुलना करता यावी म्हणून." हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"ते ठीक. पण एका घासात किती?"

"खाली बघा, एका सर्व्हिंगमध्ये किती ते असेल."

"सर्व्हिंग म्हणजे चार बिस्किटं म्हणतायत. आणि पुढे टक्के. रोजच्या गरजेच्या इतके टक्के. ही गरज कोणाची, तर दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाची. कुठे राहतो हो हा माणूस? मला एकदा भेटायचंय त्याला. आमच्याकडे तर नाही तो."

मी हसले. कोण नाही हसणार? त्या दोन हजारवाल्यावर त्यांनी पुढे कायमचा डूख धरला. पुडा वाचून झाला की म्हणायचे, "हेही त्या दोन हजारवाल्यासाठीच दिसतंय." मग बराच वेळ काथ्याकूट करून एक पुडा निवडायचे. नेहमी एकच, आणि सगळ्यांत छोटा. दुसऱ्या दिवशी येऊन निकाल सांगायचे, कारखान्यात मालाचा सांगत तसा. "पहिल्या घासाला पास, दुसऱ्याला नापास." "वास घेताच नापास." राजगिऱ्याची वडी दोन दिवस पास होती, तेव्हा ते शीळ घालत आले होते. तिसऱ्या दिवशी आले आणि नुसते उभे राहिले. "काकू कशा आहेत?" मी विचारलं. "बरी आहे. जरा खात नाही, एवढंच," म्हणाले आणि जस्त कशात असतं त्यावर बोलायला लागले.

सोसायटीत मात्र लोक म्हणत, बेहेरेंना शंभरी गाठायची आहे, म्हणून एवढं वाचून खातात. काका तसे दिसायला अंगावर शर्ट वाळत घातल्यासारखे, तेव्हा वाचून खाण्याचा फार उपयोग होत नसावा, असंही म्हणत. हे दुसरं वाक्य माझंच होतं.

मग ईद आली. ईदला मी इमारतीत सगळ्यांकडे शीरखुर्मा पाठवते. ही सासूबाईंची पद्धत. भांडीही त्यांचीच, प्रत्येकावर नाव घातलेलं. तिसऱ्या मजल्यावर मी स्वतः गेले. काकांनी दार उघडलं, वाटी हातात घेतली, आणि सवयीने विचारलंच, "ईद मुबारक, नसीमताई. एका घासात किती?"

सकाळपासून चुलीपुढे उभी होते मी. "काका," म्हटलं, "हे घरचं आहे, मागे काही लिहिलेलं नाही. विश्वास नसेल तर वाटी पालथी घाला."

काकांनी पालथी घातली नाही, पण झाकण घट्ट धरून वाटी डोक्यावर उचलली आणि खालून भिंग लावलं. "हमीदा तांबोळी, कोथरूड," त्यांनी वाचलं. "बरं. उत्पादक कळला. घटक?"

"शेवया, दूध, खारीक, बदाम, चारोळी, तूप, साखर."

"दूध आणि खारीक एकत्र?" काकांचा चेहरा पडला. "दुधातलं कॅल्शियम खारकेतल्या लोहाला आडवं येतं हो."

मी सासऱ्यांचा उपदेश आठवून एका वाक्यात म्हटलं, "आमच्याकडे ती एकमेकांना आडवी येत नाहीत, काका, ईदला गळाभेट घेतात." आणि जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा काका गप्प झाले होते. मला दिवसभर पुरेल एवढं समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते तोच काका समोर. गळ्यात भिंग नाही, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, हातात ती वाटी. वाटी घासलेली नव्हती, तशीच आणलेली. आत बघा, म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. तळाला दुधाचा एक ओघळ वाळला होता, बाकी काही नव्हतं.

"शालिनीने खाल्लं," ते म्हणाले. "मी काल औषध आणायला गेलो होतो. येऊन बघतो तर वाटी रिकामी. सगळी. नसीमताई, किती होतं हो त्यात? शेवया किती, खारीक किती? मला सगळं सांगा."

त्यांचा आवाज चिरकला. मला कालच्या वाक्याची लाज वाटली. मी म्हटलं, "काका, मोजून नाही केलं. अंदाजानेच केलं." अंदाज ह्या शब्दावर एरवी काकांनी मला अर्धा तास ऐकवलं असतं. त्या दिवशी ते म्हणाले, "मग तो अंदाज घेऊन वर याल का?"

दुपारी दुकान बंद करून गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर माझ्याच दुकानातले छोटे पुडे ओळीने लावलेले होते, रबर लावून, सगळे पाठ बाहेर करून. प्रत्येकातलं एखाद-दुसरंच बिस्किट गेलेलं. खिडकीशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. मी बऱ्याच दिवसांनी त्यांना पाहत होते. केवढ्याशा झाल्या होत्या, पण डोळे तसेच मिश्कील. "ये गं नसीम. आता तुला वजनकाट्यावर बसवतील बघ," त्या म्हणाल्या.

खरंच काटा आणला होता. "शेवया किती?" काकांनी विचारलं.

"एवढ्या." मी मूठ दाखवली.

"एवढ्या म्हणजे किती?" असं म्हणून त्यांनी काटाच पुढे केला. मी मूठ त्यावर ठेवली. काका वाकून आकडा वाचायला लागले.

"काका, ह्यात माझा हातही आहे."

"हो हो. हात काढा." मग बदामांचं वजन झालं, चारोळीचं झालं. तूप कढईत सोडताना ते चमचा घेऊन असे आडवे आले की माझी बाही भाजता भाजता राहिली. सासूबाई असत्या तर त्यांनी काकांना झाऱ्याने बाहेर काढलं असतं. पण सगळं जमलं. वास तोच, रंग तोच.

काकांनी काकूंपुढे स्टूल ओढलं, स्वतः बसले, वाटी धरली, भिंग सरळ केलं. "हं. पहिला."

काकूंनी पहिला घास घेतला. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "गिळलास? छान. दुसरा." काकूंनी दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी चमचा हळूच बाजूला केला. "बास झालं."

काका वाटी घेऊन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दूध जरा जास्त आटलं का, असं काहीतरी पुटपुटत होते. पाठमोरे ते इतके म्हातारे दिसले की मला त्यांची काळजी वाटली.

काकूंनी मला बोटाने जवळ बोलावलं. "छान झालंय गं. कालच्यासारखंच."

"मग खा ना, काकू. काल सगळं संपवलंत."

"काल घरात कोणी नव्हतं." त्या जरा थांबल्या. "भिंग नव्हतं. नसीम, मी आजारी पडल्यापासून हे माझ्याबरोबर जेवलेच नाहीत. समोर बसतात आणि माझं तोंड बघतात. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मी टाकलेलं मग आत जाऊन उभ्या उभ्या खातात. मला आवाज येतो चमच्याचा. लग्न झाल्यापासून रात्री आम्ही कधी वेगवेगळे जेवलो नाही गं. खडकीहून कितीही उशिरा आले तरी मी थांबायची. एकटीला कसली भूक लागते?"

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगते ना. म्हणतात, आधी तुझं होऊ दे. रागवायचं तरी कसं? माझ्यासाठीच चाललंय सगळं."

मी उठून आत गेले. काका ओट्याशी उभे राहून काकूंची उष्टी वाटी चमच्याने निपटत होते. लोक ह्या माणसाला शंभरी गाठायची आहे म्हणत होते. मी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला आणि पातेल्यातून दोन वाट्या भरल्या, काठोकाठ.

"मला नको," काका म्हणाले. "तिच्यासाठी ठेवा. उद्या परत प्रयत्न करू."

"काका, खडकीला तुम्ही नमुना न तपासता माल पास करायचात का?"

"अशक्य!"

"मग ह्याचा नमुना तपासलाय कोणी? वाढताय सरळ. बाहेर चला, काकूंच्या शेजारी बसा आणि तपासा. आणि ते भिंग इकडे द्या, शीरखुर्म्यात बुडेल."

खात्याचा नियम निघाल्यावर काकांचा इलाज चालला नाही. ते स्टुलावर नाही, काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. दुसरी वाटी मी काकूंच्या मांडीवर ठेवली. काकांनी चमचाभर तोंडात घातलं, डोळे मिटले, बराच वेळ घोळवलं.

"साखर जास्त आहे," त्यांनी निकाल दिला.

"काहीतरीच काय. कमी आहे," काकू म्हणाल्या, आणि खात्री करायला त्यांनी एक घास घेतला.

"जास्त आहे, शालिनी."

"अहो, तुमची जीभ त्या पुड्यांवर वाढलीय. आमच्या आईच्या हातची खीर आठवा. ती गोड."

"तुझ्या आईची खीर? त्यात वेलदोडा सालासकट असायचा."

"पण खायचात ना वाट्या वाट्या?"

दोघांची मस्त जुंपली. भांडता भांडता चमचे हलत होते, काकांचाही आणि काकूंचाही. मी हळूच चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. खाली आल्यावर कळलं की भिंग माझ्याच हातात राहिलंय.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळी आले. मी भिंग परत दिलं. त्यांनी ते गळ्यात अडकवलं, पण लगेच डोळ्याला लावलं नाही.

"काय काका, काल किती घास गेले काकूंचे?"

काका विचारात पडले. बोटं थोडी हलवून पाहिली, मग थांबले. एवढा मोठा तपासनीस, पण चूक पकडली गेलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. "मोजायचे राहिले," ते म्हणाले.

मी उगाच गल्ल्याचा खण उघडून मिटला.

"तिने बिस्किटं मागवलीत," काका म्हणाले. "आपण होऊन मागितली. चहाबरोबर पाहिजेत म्हणते. चहाबरोबर! आणि तो पिवळा पुडा आण म्हणाली. पिवळा कुठला?"

"तुम्हीच शोधा," मी म्हटलं.

काका फळीसमोर उभे राहिले आणि पहिल्यांदाच पुडे पुढून बघायला लागले. लोंब्या, दुधाची धार, हसरी पोरं. नवख्या गावात आल्यासारखे ते एकेका चेहऱ्यापुढे थांबत होते. शेवटी पिवळा सापडला. त्यांनी तो क्षणभर तसाच धरला, मग सवयीने पालथा केला, भिंग लावलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून काढलं. पामतेल वाचताना मान हलवली, सोडियमला सुस्कारा सोडला, लोहाच्या जागी काहीच नव्हतं तिथे बराच वेळ थांबले.

"साफ नापास आहे," ते म्हणाले, आणि पुडा माझ्यापुढे ठेवला. "दोन द्या."